अंबाबाईचं घर तालुक्याला निघालं

मालनबाई अलिबागचं शिक्षकांचं शिबिर आटोपून भोकरटेपला परतल्या, तेव्हा सगळी आळी त्यांच्याकडे शाबासकीच्या अपेक्षेनं बघत होती. ठकूबाई तर भरलेली घागर विहिरीवर तशीच सोडून रस्त्यात आली.

"बाई, तुमी नव्हता तवाच सायेब येऊन गेला वो! अंबाआत्याचं घर बघितलं त्यानं. असा खूश होऊन गेला म्हनता! काय कमी पडू दिलं नाय आमी."

"कमी पडू दिलं नाही म्हणजे?" मालनबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

ठकूबाईनं हौसेनं सांगायला घेतलं. फळीवर तिची स्वतःची पितळेची भांडी, चिंचेनं घासून लखलखीत मांडलेली. साहेबाला बसायला दुकानदार हिरामणची हातांची खुर्ची, शेजारी त्याचाच रेडिओ, तोही चालू. कपबश्या पोलीसपाटलाकडच्या. दामूच्या नव्या सुनेची भरतकामाची चादर खाटेवर, आणि खाट दामूची. अंबाबाईच्या अंगावर ठकूबाईचं कोरं लुगडं. चहात वेलची.

"आणि साहेबांनी विचारलं नाही काही?"

"इचारलं की. आजी, कसं काय चाललंय म्हनला. आत्यानं हात जोडून सांगितलं, तुमच्या किरपेनं काय कमी नाय."

मालनबाईंनी रस्त्यातच कपाळाला हात लावला. ठकूबाईला वाटलं, प्रवासाचा शीण.

आता यात आळीचं चुकलं तरी कुठे? भोकरटेपची रीतच अशी. खालापूरच्या अलीकडे, टेकाडाच्या पोटाशी एकाच रांगेत बसलेली ही घरं. त्यातल्या कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे झाले की सगळ्या आळीचं सामान त्या एका घरात लोटायचं. पाहुण्यांनी डोळे भरून बघायचं, पोहे खायचे, आणि त्यांची पाठ वळली की ज्याची वस्तू त्यानं उचलायची. यात फसवाफसवी कसली नव्हती. पाहुण्यांच्या गावातही हेच चालायचं, आणि त्यांना ते ठाऊक असायचं. ते बघायचे ते एवढंच, की या घराला गावात कुणी चार भांडी देतं की नाही. आळीनं साहेबाला त्याच रांगेत बसवला. साहेब मात्र सरकारी. त्यानं दिसलं ते लिहिलं आणि स्कूटरला लाथ मारून गेला.

मालनबाई भोकरटेपच्या शाळेत येऊन चार-पाच वर्षं झाली होती. माहेर पळसदरीचं. वडील रेल्वेत गँगमन. छप्पन साली घरानं बुद्धाचा धर्म घेतला तेव्हा मालन परकरात होती. पुढे शिष्यवृत्ती सुरू झाली आणि तिच्या जोरावर ती शिकली. पण मधलं एक वर्ष बुडालं होतं, कारण अर्ज कधी करायचा हे तिच्या बापाला कुणी सांगितलंच नाही. त्या वर्षी ती शाळेऐवजी लोकांच्या भाताची लावणी करायला जात होती, आणि बांधावरून जाणाऱ्या वर्गातल्या पोरी तिला हाका मारत होत्या. त्या हाका बाईंना अजून ऐकू येत. म्हणून नोकरी लागल्यावर त्यांनी एक उद्योग मागे लावून घेतला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या पडवीत बाक मांडून बसायच्या आणि पोरांच्या आईबापांना बोलवायच्या. कुणाला फीमाफी मिळते, शिष्यवृत्ती कुणाला, पोस्टात खातं कसं उघडायचं, हप्त्यानं घेतलेली शिलाईची मशीन शेवटी केवढ्याला पडते, असं सगळं तिथं चालायचं.

"मालनबाई, ही शाळा आहे, सोसायटीचं कार्यालय नव्हे," असं मुख्याध्यापक रामभाऊ गुरुजी दर शनिवारी म्हणायचे, आणि दर शनिवारी त्या बाकावरची धूळ स्वतःच्या रुमालानं झटकायचे. गुरुजी माणूस सोन्यासारखा, फक्त वरिष्ठांचं नाव निघालं की त्यांचे पाय लटपटायचे. भागशिक्षणाधिकारी येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून त्यांना जेवण जात नसे.

त्या शनिवारच्या बाकावर अंबाबाई फार उशिरा आली. तिचा मुलगा आणि सून, दोघंही एकामागून एक आजारानं गेले होते. मागे नात सोमी, सातवीत, वर्गात पहिली. जमीन नाही. अंबाबाईचे गुडघे असे धरलेले की लावणीला वाकणं तर सोडाच, उंबरा ओलांडताना ती चौकटीला धरायची. कर्जतची कोंडीबाई बंगल्यांतून कामाला मुली पुरवायची. ती मागल्या दिवाळीत येऊन सांगून गेली होती, सोमीची परीक्षा झाली की मी हिला नेते, राहून-खाऊन काम आहे. अंबाबाईनं मान हलवली होती. दुसरं करणार काय?

निराधारांना महिन्याला पैसे द्यायची योजना तेव्हा नवीनच निघाली होती. मालनबाईंनी अंबाबाईला गाठलं. पैसे सुरू झाले तर घर कसंबसं चालेल आणि सोमी खालापूरच्या हायस्कुलात जाईल, असं समजावून सांगितलं. अंबाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाली, "बाई, ते नाव बदला. मी निराधार कशी? माज्या मागं आळी हाय."

नाव बदलणं बाईंच्या हातात नव्हतं. शेवटी सोमीकडे बघत अंबाबाईनं अंगठा उठवला. आणि आता त्याच आळीनं तिला, अर्जाच्या चौकशीला आलेल्या साहेबापुढे सावकारीण करून उभं केलं होतं.

दुसऱ्याच दिवशी अर्ध्या रजेवर मालनबाईंनी तालुक्याची कचेरी गाठली. नायब तहसीलदार साहेब तरुण होते, कोरड्या बोलण्याचे, पण माणूस सरळ. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, सगळं ऐकलं, मग समोरचा कागद उघडला.

"बाई, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण मी स्वतः त्या घरात बसून चहा प्यालो. चांगला होता. पितळेची भांडी पाहिली, रेडिओ ऐकला. भिंतीवर किल्लीचं मोठं घड्याळ. असं घड्याळ माझ्या घरीसुद्धा नाही. मी पाहिलं ते लिहिलं. त्यात काही चुकलं का?"

"नाही साहेब. पण ते घर तिचं नव्हतं. म्हणजे घर तिचं होतं, सामान नव्हतं."

"मग ते मला दिसायला हवं. कुणी येऊन सांगितलं म्हणून मी कागद फिरवू लागलो, तर उद्या खरोखरीचे सावकार रांग लावतील." त्यांनी कागद मिटला. "गुरुवारी समितीची बैठक आहे. तोवर मी रोज दौऱ्यावर, पुन्हा तुमच्या गावी येणं काही जमायचं नाही. त्याआधी मला खरं घर दाखवू शकलात तर बघू."

बाई एसटीची वाट न बघता पायीच निघाल्या. रागानं त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं. साहेबाचा राग नव्हता, आळीचाही धड नव्हता. इतक्या मायेनं इतकं वाटोळं करता येतं, याचाच तो राग होता.

संध्याकाळी अंबाबाईच्या अंगणात आळी जमली. बाईंनी काय झालं ते सांगितलं. सगळ्यांचे चेहरे पडले, पण हिरामण दुकानदार गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

"मंग काय करायला पायजे व्हतं आमी? सायबाला भुईवर बसवायचा? आन् ते नाव तरी कसलं वो, निराधार! आमी काय मेलो का? म्हातारीला आमी कवा उपाशी ठेवलंय?"

"नाही ठेवलंत," मालनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला आणि त्यांनी तो चढू दिला. "हिरामणभाऊ, तुमच्या दुकानातून तिच्याकडे मीठमिरची जाते, मला माहीत आहे. ठकूबाई भाकरी देते, तेही माहीत आहे. आळी तिच्या मागं आहे, हे मी मान्य करते. पण तुम्ही खुर्ची दिलीत ती दोन तासांसाठी. सोमीची पुढची शाळा द्याल का? पुस्तकं, एसटीचा पास, अंगावरचे कपडे, तीन वर्षं? कोण देतो, हात वर करा. मी उद्याच अर्ज मागे घेते."

हात कुणाचाच वर गेला नाही. कुणाच्या मनात नव्हतं असं नाही, पण प्रत्येकाच्या घरात एकेक सोमी होती. अंबाबाई चौकटीला टेकून उभी होती. तिला कुणाकडे बघावं कळेना, म्हणून ती अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिली.

"सायबाला यायला येळ नाय ना?" ठकूबाईनं अचानक विचारलं. "मंग घरच नेऊ त्याच्याकडं."

"काय नेऊ?"

"घर. त्यानं बघितलं ते. भांडी, खुर्ची, खाट, समदं उचलायचं आन् कचेरीत न्हेऊन मांडायचं. आन् मग त्याच्या म्होरं ज्याचं त्यानं उचलायचं. ऱ्हाईल ते आत्याचं."

हिरामण मांडीवर थाप मारून हसला. हसण्याचा तो आवाज आळीभर गेला. पण अंबाबाई चौकटीवरून हलली.

"नाय. माजी गरिबी मी बाजारात मिरवायची नाय. पोर न्हेऊ दे कोंडीला."

"तुजी गरिबी कुठं मिरवतोय गं आत्या?" ठकूबाई तिच्याजवळ गेली. "आमची शिरीमंती मिरवायची हाय. माजी भांडी कवा तालुक्याला गेली व्हती?"

अंबाबाई हळूच खाली बसली आणि म्हणाली, "मंग लुगडंबी तुजंच नेसून येते. नायतर सायेब वळखायचा नाय."

रामभाऊ गुरुजींना हे कळलं तेव्हा ते एकदम चिडले. असे चिडलेले बाईंनी त्यांना कधी पाहिले नव्हते. "हा काय पोरखेळ आहे? सरकारी कचेरी आहे ती. मी त्यात नाही. तुम्ही रजा घ्या हवी तर, शाळा मी सांभाळतो." आणि ते पाठ करून फळा पुसायला लागले, जो आधीच पुसलेला होता. बाईंना वाईट वाटलं. वर्गात शांतता होती. बाई शिबिराहून आल्यापासून भिंतीवरचं घड्याळही बंद पडलेलं. जुनं झालं, असं गुरुजी म्हणाले होते.

गुरुवारी सकाळी दामूच्या बैलगाडीत अंबाबाईचं घर चढलं. खाट, खुर्ची, चादर, रेडिओ. मधोमध कोऱ्या लुगड्यात अंबाबाई आणि तिच्याजवळ सोमी, मांडीवर कपबश्यांची टोपली घेऊन. भांडी मात्र ठकूबाईनं गाडीत ठेवू दिली नाहीत. ती आणि आळीतल्या बायका ती डोक्यावर घेऊन चालल्या, कारण गाडीत ठेवली तर दिसणार कुणाला?

खालापुरात शिरल्यावर बाजार थांबला. एक चहावाला ओरडला, "कुणाचं रुखवत गं?"

"सरकारच्या घरी चाललंय!" ठकूबाईनं मान न हलवता उत्तर दिलं.

कचेरीच्या दारात शिपायानं अडवलं. त्याला वाटलं कुणाची जप्ती झाली आणि सामान जमा करायला आणलं. हिरामणनं त्याला ऐटीत सांगितलं की ही जप्ती उलटी आहे, आपण सामान सोडवायला आलो आहोत. शिपायाला काही उमगलं नाही, पण भांड्यांची चमक बघून त्यानं वाट दिली.

व्हरांड्यात खाट टाकली, चादर पसरली, भांडी उतरंडीनं मांडली, खुर्ची ठेवली, रेडिओ लावला. रेडिओवर नेमक्या बातम्या चालू होत्या. कारकून टेबलं सोडून बाहेर आले. शेवटी नायबसाहेब आले आणि उंबऱ्यात थबकले.

"ही खुर्ची," ते म्हणाले. "हिच्यावर मी बसलो होतो."

"माजी, सायेब," हिरामण पुढे झाला. त्यानं खुर्ची उचलून बगलेत मारली. "रेडिओबी माजा. लायसन हाय."

"भांडी माजी. खाली नवऱ्याचं नाव घातलंय, वाचा." ठकूबाईनं एक पातेलं साहेबांच्या नाकासमोर उलटं धरलं. मग दामूनं खाट उचलली, त्याच्या सुनेनं लाजत चादर घडी केली, पाटलांकडच्या गड्यानं कपबश्या मोजून घेतल्या. बघता बघता व्हरांडा रिकामा झाला. मालनबाईंच्या छातीत आनंद मावेना. हसू आवरायला त्यांनी पदर तोंडाला लावला.

नायबसाहेबही हसले असते. पण ते शिस्तीचे होते. त्यांनी हातातला कागद पुन्हा वाचला.

"सगळं पटलं. एक राहिलं. घड्याळ."

ठकूबाईनं हिरामणकडे पाहिलं.

"भिंतीवर किल्लीचं मोठं घड्याळ होतं. ते इथं कुणी आणलं नाही, कुणी माझं म्हणत नाही. म्हणजे ते आजींचंच?"

"नाय सायेब," अंबाबाई म्हणाली. "माजं नाय."

"मग कुणाचं?"

"ते मी सांगायची नाय."

"आजी, पुढच्या खोलीत समिती बसते आहे. ज्या घरात तसलं घड्याळ आहे त्या घराला निराधार म्हणून मी त्यांच्यापुढे कसा ठेवू? नाव सांगा, विषय मिटला."

अंबाबाईनं सोमीचा हात घट्ट धरला. "ज्यानं दिलं त्यानं जीव घाबरा करून दिलं. त्याला तरास व्हईल असं मी बोलायची नाय. अर्ज फाडा तुमी."

मालनबाईंनी एकेकाकडे पाहिलं. हिरामण जमिनीकडे बघत होता, ठकूबाई पातेल्यात. आणि त्यांना शाळेची भिंत आठवली. बंद पडलेलं घड्याळ. काढताना किंवा लावताना हिसका बसला असणार. शाळेच्या डेडस्टॉकच्या वहीत नोंदलेली सरकारी वस्तू खासगी घरात! आता गुरुजींचं चिडणं त्यांना कळलं. एक नाव घेतलं की सोमी हायस्कुलात जाणार होती. ते नाव त्यांच्या जिभेवर आलं, आणि तिथंच अडकलं. निवृत्तीला आलेला माणूस. बाईंचा नुसता जीव जात होता. म्हातारी नाव घेत नाही आणि ते मी घेऊ?

"साहेब, मला जरा वेळ द्या," त्या म्हणाल्या, पुढे काय बोलायचं हे ठाऊक नसताना.

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. पाढ्यांचा. सतराचा पाढा, शंभरएक गळ्यांतून, चालीवर. शिपाई धावत बाहेर गेला आणि तोंड उघडं ठेवून परत आला.

"सायेब, शाळा आलीय."

भोकरटेपची आख्खी शाळा जोडीजोडीनं कचेरीच्या आवारात शिरत होती. पहिलीची पोरं मोठ्या पोरींच्या कडेवर, सगळे धुळीनं माखलेले, आणि सगळ्यांच्या पुढे रामभाऊ गुरुजी. टोपी घामानं भिजलेली, हातात पंच्यात गुंडाळलेलं ओझं, तान्हं मूल धरावं तसं छातीशी धरलेलं. पाय लटपटत होते, ते बाईंना लांबूनही दिसलं. ते व्हरांड्याच्या पायऱ्या चढले आणि त्यांनी पंचा सोडला.

"घड्याळ शाळेचं आहे, साहेब. नेऊन लावलं मी. तुम्ही येणार, तर म्हातारीच्या घरी वेळ कळायला हवी, असं आळी म्हणाली. मला नाही म्हणवलं नाही." त्यांनी घड्याळ साहेबांपुढे धरलं. "शाळेची वस्तू बाहेर दिली, हा एक गुन्हा. आज भर दिवसा शाळा घेऊन रस्त्यावर आलो, हा दुसरा. पोरांना एकटं ठेवता येईना आणि मला तिथं बसवेना. मेमो माझ्या नावानं काढा. पण हे घड्याळ या बाईच्या नावावर धरू नका."

नायबसाहेबांनी घड्याळ हातात घेतलं. मागच्या बाजूला शाळेचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगानं घातलेला होता. त्यांनी तो वाचला, मग गुरुजींकडे बघून कोरडेपणानंच म्हणाले, "मेमो काढणं शिक्षण खात्याचं काम. माझ्याकडे घड्याळ चालू करून घ्यायचंसुद्धा खातं नाही. पोरांना पाणी द्या कुणीतरी."

गुरुजी पायरीवरच बसले. मालनबाईंना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्या खरोखरच पडल्या, सगळ्यांदेखत. गुरुजी म्हणाले, "अहो बाई, पोरं बघतायत," आणि स्वतःच डोळे पुसायला लागले.

साहेब अंबाबाईपुढे जाऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी कागद मागे धरला होता.

"आजी, मग त्या दिवशी तुमच्या घरात तुमचं असं काय होतं?"

अंबाबाईनं विचार केला. "पानी माजं व्हतं, सायेब. तुमी आल्या आल्या तांब्याभर प्यालात ना? ते मी भरलं व्हतं. गुडघ्यावर हात ठेवीत ठेवीत. आन् ही पोर माजी. बाकी समदं ह्यांचं."

"तांब्याबी माजा व्हता," ठकूबाईनं घाईघाईनं सांगितलं, कारण आता काहीच लपवायचं नव्हतं.

साहेब तेव्हा हसले. मग बराच वेळ खाली बघून त्यांनी लिहिलं, आणि कागद घेऊन स्वतः समितीच्या खोलीत गेले.

आवारातल्या वडाखाली शाळा बसली. हिरामणनं कधी नव्हे ते स्वतःच्या खिशातून सगळ्या पोरांना चणेकुरमुरे घेतले आणि ते कुणी विसरू नये म्हणून दोनदा बोलून दाखवलं. उन्हं कलायला लागली तेव्हा शिपाई बाहेर आला. सकाळी यानंच जप्ती म्हणून अडवलं होतं. आता त्यानं टोपी सरळ केली आणि मोठ्यानं ओरडला, "अंबाबाई, भोकरटेप! मंजूर!"

पुढचा गलबला सांगून कळायचा नाही. बायकांनी पातेली वाजवली, पोरांनी उड्या मारल्या, दामूचे बैल बुजले. सोमी एकटी न ओरडता उभी होती. ती बाईंच्या पदराला धरून हळूच म्हणाली, "बाई, मंग मी आठवीत?" मालनबाईंनी तिला जवळ ओढली. मग जोरजोरानं होकाराची मान हलवली.

मे महिन्यात, ठरल्याप्रमाणे, कर्जतहून कोंडीबाई आली. मालनबाई त्या वेळी सोमीचा सातवीचा दाखला द्यायला अंबाबाईकडे आल्या होत्या. कोंडीबाईनं पोरीसाठी नवा झगा आणला होता. तो तिनं मांडीवर पसरला.

"उद्याच्या गाडीनं नेते हिला. बंगला चांगला हाय. मान्सं चांगली हायेत."

"सोमी यायची नाय, कोंडी," अंबाबाई म्हणाली. "हायस्कुलात घातलीया तिला."

"आन् खाशील काय?"

"सरकार देतंय महिन्याला. थोडंच देतंय, पर देतंय. बाईंनी अर्ज केला, आळी साक्षीला आली, शाळा साक्षीला आली." अंबाबाईनं दाखला हातात घेतला, उलटा, आणि त्यावरून बोट फिरवलं. "हे बघ, पास झालीया."

मालनबाई सावरून बसल्या. आता ही भांडेल, आगाऊ घेतलेल्या शब्दाचं काढेल, असं त्यांना वाटलं. कोंडीबाई भांडली नाही. तिनं झग्याची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली.

"बाई, तुमी ते शनवारचं बसता, ते निस्तं ह्याच गावच्या मान्सांसाठी का?"

"नाही. कुणीही यावं."

"माज्या लेकीचा नवरा जाऊन चार वर्सं झाली," कोंडीबाई म्हणाली. तिचा बाजारात चालणारा खणखणीत आवाज कुठेतरी गेला होता. "तिची पोर हाय, माजी नात. नेरळच्या एका बंगल्यात मीच ठिवलीया. सातवी पास हाय तीबी. मला कुनी सांगितलंच नाय वो, असं काय असतं म्हनून."

अंबाबाईनं उठून, चौकटीला धरत, तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"अर्ज करू," मालनबाई म्हणाल्या. "कागद मी करते, शनिवारी लेकीला घेऊन या. पण कोंडीबाई, शनिवारची वाट बघू नका. आज नेरळला उतरा आणि आधी पोरीला घरी घेऊन जा."

कोंडीबाईनं तांब्या तोंडाला लावला, सगळं पाणी एका दमात प्याली, आणि झगा पिशवीत कोंबून स्टेशनच्या वाटेला लागली.